मंगळावरची नवरी

पत्रिकेतल्या मंगळापायी तिसरं स्थळ हातचं गेलं, तेव्हा शिवरंजनी चिडून मानवतच्या वाचनालयात गेली आणि नावात मंगळ असलेलं दिसेल ते पुस्तक उचलून घेऊन आली. निघाली विनोदी विज्ञान कादंबरी. तीत मंगळावरच्या एका पोरीचं लग्न काही केल्या जमत नव्हतं, कारण तिच्या पत्रिकेत पृथ्वी होती, आणि तीही कडक. शिवरंजनी पोट धरून हसली. दोनदा वाचली, दोन्हीदा हसली. "पोरगी एकटीच हसायलीय," म्हणत तिच्या आईनं, शांतम्मानं, तिची दृष्टच काढली.

रविवारी सोनपेठचे पाहुणे बघायला आले. पोहे झाले, पत्रिका उघडली आणि मुलाच्या आईनं चष्मा सारखा केला.

"पोरीला मंगळ हाय की. तुमी आधी बोलले न्हाई."

शांतम्माचा चेहरा उतरला. शिवरंजनी रिकाम्या बशा गोळा करायला लागली. इतका वेळ खाली मान घालून बसलेला मुलगा, श्रीशैल, तेव्हा पहिल्यांदा बोलला.



"असू दे, माय. मला बी कडक पृथ्वी हाय."