टीव्हीला चाकं

"आईला धड चालता येत नाही, आणि तुम्ही टीव्हीला चाकं लावताय, पप्पा?"

पेर्निलाने अजून कोटही उतरवला नव्हता. मार्चमधला तो रविवार होता, नव्वद किलोमीटरच्या स्की-शर्यतीचा. त्या सकाळी आईच्या टीव्हीपुढे हजर नसणं हा या घरात गुन्हाच, म्हणून ती बर्फातून गाडी हाकत आली होती. येऊन बघते तर तिचे वडील, रूने, बैठकीच्या खोलीत पालथे पडून टीव्हीच्या नव्या स्टँडचे ब्रेक तपासत होते.

"घरभर फिरला पाहिजे आणि पडता कामा नये," ते म्हणाले. "वाटतं तितकं सोपं नाही ते."

"टीव्ही फिरू दे घरभर. आई बसू दे खुर्चीत!"

"मी इथेच आहे हं," खिडकीजवळच्या खुर्चीतून आई, सोल्वेग, म्हणाली. "कान शाबूत आहेत माझे."

पायांचं तसं नव्हतं. नोव्हेंबरात रस्त्याकडेच्या टपालपेटीकडे जाताना ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण बाई काही उठेना. नर्सने स्पष्टच बजावलं होतं: चालल्या नाहीत तर वसंत येईपर्यंत पाय चालणं विसरतील, मग कायमची खुर्ची. नगरपालिकेने चाकांचा वॉकरही दिला होता. तो दाराशी उभा होता आणि त्याच्यावर रूनेंचे हातमोजे वाळत होते.

वॉकरचं नाव काढलं की सोल्वेग उसळायची. "बायकांना शर्यतीत घेतलं ना, त्या पहिल्याच वर्षी मी उतरले. नव्वद किलोमीटर, कुणाचा हात न धरता! आणि आता म्हातारीची गाडी ढकलू? गावाला हसायला?" मोडेन पण वाकणार नाही, अशातली ती. हाड मोडूनही झालं होतं, तरी वाकली नव्हती.

पेर्निला रागारागाने स्टँड न्याहाळू लागली. खाली रुंद फळी, तिच्यावर जुन्या चुलीच्या लोखंडी पट्ट्या स्क्रूने घट्ट बसवलेल्या. टीव्ही दोन पट्ट्यांनी मागच्या फळीला बांधलेला. वायर चाकाखाली येऊ नये म्हणून आकड्यावर गुंडाळलेली. काम चोख होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. त्याचाच तिला जास्त राग आला.

"टीव्ही इतका खाली का?"

"वजन खाली असलेलं बरं."

"आणि ही माझ्या बाबागाडीची चाकं ना?"

"रबर अजून झकास आहे. लहान चाकं उंबऱ्यात अडकतात."

मागच्या बाजूला कमरेच्या उंचीवर दोन मुठी होत्या, कातडी पट्ट्यांसकट. आईच्या स्कीच्या काठ्यांच्या मुठी! पेर्निलाने वडिलांकडे पाहिलं.

"धरायला काहीतरी हवंच की," ते पुटपुटले.

मग तिला जमीन उघडी दिसली. आईने हातमागावर विणलेल्या चिंध्यांच्या सतरंज्या नेहमी घरभर असायच्या. पाय अडकेल म्हणून नर्सने त्या गुंडाळायला किती विनवलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

"मीच काढायला लावल्या. चाकांत गेल्या असत्या," सोल्वेग म्हणाली. "टीव्ही तोंडावर आपटला असता."

स्वतःच्या हाडांसाठी जे केलं नाही, ते टीव्हीसाठी केलं! पेर्निलाला रडू फुटायचंच बाकी होतं.

स्वयंपाकघरातून ब्लूबेरीच्या साराचा गोड वास आला. शर्यतीत वाटेवर तेच पाजतात, म्हणून या दिवशी घरातही ते हवंच.

"सार खाली लागेल," सोल्वेग म्हणाली. "मी ढवळता ढवळता शर्यत बघेन. टीव्ही तिकडे न्या."

पेर्निला पुढे झाली, तर रूनेंनी तिची बाही धरली. "तू नको. मागच्या वर्षी माझी गाडी कुंपणात घातलीस."

"मग तुम्ही न्या."

"माझी कंबर धरलीय."

"दोघंही राहू द्या," सोल्वेग वैतागली. "फोडाल तो."

तिने खुर्चीच्या हाताला रेटा दिला आणि ती उठली. एक हात खुर्चीलगत उभ्या गाड्याच्या मुठीवर गेला, मग दुसरा. पट्ट्यांतून मनगटं आपसूक सरकली, जुनी सवय ती. रूनेंनी पायाने ब्रेक सोडला. गाडा जरासा पुढे गेला, त्यामागे तिचा उजवा पाय गेला, मग डावा. गाडा डगमगला नाही. उंबऱ्याशी ती थांबली, बुटक्या टीव्हीवरून पुढचं पाहिलं, दम घेतला आणि पलीकडे गेली.

पेर्निला जागच्या जागी उभी राहिली. आई चालत होती. टीव्हीला नेत नव्हती, टीव्हीच तिला नेत होता. वडिलांना काय काय बोलली ते आठवून तिला लाज वाटली आणि मग त्यांचा अभिमान वाटला. ते मात्र डोळ्यांत तेल घालून सोल्वेगच्या पावलांकडे बघत होते, दोन्ही हात अर्धे पुढे करून.

"हा वॉकरच आहे हे तिला कळलं तर?" ती कुजबुजली.

"कसं कळेल? म्हणून तर टीव्ही ठेवलाय वर," रूने म्हणाले. हे घर स्वतःच्या हाताने बांधलं तेव्हाही त्यांची छाती एवढी फुगली नव्हती.

स्वयंपाकघरात सोल्वेगने स्वतःच ब्रेक दाबला. रूनेंनी धावत जाऊन वायर जोडली. पडद्यावर हजारो माणसं बर्फावर निघाली. तिने पळी उचलली, उभ्यानेच सार ढवळलं, चाखून पाहिलं. मान न वळवता ती म्हणाली,

"रूने, उद्या टपाल आणायला मी जाईन. गाड्यावरचा टीव्ही तेवढा उतरवून ठेव."