तांदळातला चिकू

२०१७च्या दिवाळीच्या सुट्टीत दक्षा सिस्टर आग्नेसना भेटायला डहाणूहून आली. तलासरीकडच्या त्या मिशनच्या वसतिगृहात तिचं सगळं शाळकरी वय गेलं होतं. आता मुली घरी गेल्या होत्या. स्वयंपाकघरातलं तांदळाचं पिंप मात्र तेच होतं.

या पिंपात मुली कच्चे चिकू पिकायला पुरून ठेवत. तिच्या मैत्रिणीला, बुधीला, तेवढाही धीर नसे. पिकला का ते बघायला ती चावा घ्यायची आणि चिकू परत तांदळात खुपसायची. मग चिकाने ओठ असे चिकटायचे, की संध्याकाळच्या प्रार्थनेत तिला ‘आमेन’ म्हणता येत नसे. सिस्टर हसू दाबत खोबरेल लावून तिचे ओठ सोडवायच्या. बुधीचा समोरचा एक दात पडलेला. त्यामुळे चाव्यावरूनही चोर कळायचाच.

अशाच एका दिवाळीला बुधी घरी कैनाडला गेली आणि तिथेच तापाने गेली. तिने पुरलेला चिकू पिकला, पण कोणाच्याच्याने तो खाववला नाही.

दक्षाने सहज तांदळात हात घातला. बोटांना काहीतरी लागलं.

“सिस्टर, कोणी मुलगी राहिलीय का इथे?”

“कोणी नाही गं बाय. मी एकटीच.”

दक्षाने चिकू वर काढला. त्यावर चावा होता, मधल्या एका दाताची जागा सोडून. त्यातून पांढरा चीक अजून ओघळत होता.

सिस्टरनी तो तिच्या हातून घेतला आणि हलकेच परत तांदळात पुरला.

“चल, प्रार्थनेची वेळ झाली,” त्या म्हणाल्या, आणि जाता जाता त्यांनी फळीवरची खोबरेलाची बाटली बरोबर घेतली.