सातवी पास

आमच्या कॉलेजात व्याख्यान होतं. मी तिथे शिकवते, म्हणून बाबाही हौसेने आले आणि शेवटच्या रांगेत बसले. पाहुणे हिंदीत म्हणाले, "माणूस माकडापासून आला हे थोतांड आहे. देवाने तो आहे तसाच घडवला." संस्थेच्या अध्यक्षांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

बाबा उठले. तीस वर्षं रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे साहेब दिसला की हात आपोआप जोडले जातात. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "साहेब, माकडापासून नाही. त्याचा आणि आपला पूर्वज एक होता. पुढे फांद्या वेगळ्या झाल्या."

"आपकी डिग्री?" पाहुण्यांनी विचारलं.

"सातवी पास."

सभागृह हसलं. बाबा खाली बसले.

फांद्यांचं ते वाक्य माझं होतं. बारावीपासून मी शिकलेलं सगळं त्यांना समजावून सांगायचे आणि कळेपर्यंत ते मला उठू द्यायचे नाहीत. उत्क्रांतीतली पीएचडी त्या सभागृहात एकच होती, माझी. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. नोकरीत कायम होण्याची माझी फाईल अध्यक्षांच्या टेबलावर होती.

परतताना खातीपुऱ्यात आमच्या घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "मी तुझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, सोनम. तू माझी मुलगी आहेस हे कुणाला कळलं नसेल."