विरजणाची वाटी

दवाखान्यात रक्तदाबावर गोळ्यांऐवजी रोज वीस मिनिटं शेजार लिहून देऊ लागले, तेव्हापासून समोरच्या रेगेवहिनी वाटी घेऊन विरजण मागायला येऊ लागल्या. दोघींच्या मनगटावरचे पट्टे गप्पा मोजायचे, वीस मिनिटं भरली की हिरवे व्हायचे. बारा वर्षांनी दार वाजतंय, म्हणून एकट्या शशिकलाबाई रोज थालीपीठ लावून ठेवत.

आज शशिकलाबाई नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल पहिल्यांदाच बोलत होत्या. तेवढ्यात वहिनींचा पट्टा हिरवा झाला. त्या उठल्याच.

"वहिनी, विरजण राहिलं."

"अहो, आम्ही दही विकतच आणतो. असं करा, उद्यापासून तुमचा पट्टाच आमच्याकडे ठेवा. टीव्हीच्या आवाजावर दोन्ही हिरवे होतील. तुम्हाला उगीच बोलायचा त्रास नको."

शशिकलाबाईंनी पट्टा काढून वाटीत ठेवला. शेजारणीची वाटी रिकामी पाठवू नये.