पूनमच्या नावावर

सर्व्हरच्या खोलीत पाय ठेवताच गार्गीनं ओढणी नाकाला लावली. कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, रॅकवर पालीच्या लेंड्या, आणि कीबोर्ड कधीकाळी पांढरा असावा. मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"हा कुणाचा?"

"माहाच हाय," पूनम ओशाळून म्हणाली. "सारे माह्याच नावानं काम करतात, ताई. नवीन खातं उघडाले कोनाले टाइम हाय?"

म्हणूनच सर्व्हरवर दरवेळी एकाच नावाची नोंद सापडत होती. प्रात्यक्षिक परीक्षेची कॅमेऱ्यातली चित्रीकरणं एकेक करून गायब होत होती, आणि बुलढाण्यातल्या त्या कॉलेजच्या प्राचार्यांनी सरळ या ऑपरेटर पोरीवर बोट ठेवलं होतं. सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर तिला घरी बसावं लागणार होतं. बीबी गावाहून येऊन इथं खोली करून राहणारी पूनम. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"म्या नाही केलं वं ताई. मले काऊन धरून राह्यले?"

गार्गी या कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. आता देऊळगाव राजाला घरी बसून ती एका कंपनीसाठी फाइल सिस्टिमचा कोड लिहायची. कॉलेजच्या सर्व्हरवर तीच फाइल सिस्टिम होती, म्हणून पूनमनं तिला गळ घातली होती.

विभागप्रमुख लक्ष्मीकांत सरांच्या केबिनमध्ये गार्गी वाकून पाया पडली. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय तिला त्यांनीच शिकवला होता. प्रात्यक्षिक परीक्षाही त्यांनीच घेतली होती, तिची आणि आताच्या या मुलांचीही. सरांनी चहा मागवला.

"पूनम गुणाची पोर आहे," ते म्हणाले. "दोष यंत्रणेतच असणार. बघ हं, तुझ्याच कोडमध्ये निघायचा!"

ते गार्गीला चांगलंच झोंबलं. तिनं लॅपटॉप उघडला आणि दोन वर्षांपूर्वी घाईघाईत लिहिलेला आपलाच कोड वाचायला घेतला. काय ती ठिगळं! जागोजागी 'नंतर बघू' लिहून ठेवलेलं. दुसऱ्या कुणाचा असता तर तिनं त्याची पार सालं काढली असती. स्वतःचंच उष्टं पुन्हा ताटात आल्यासारखी तिला किळस आली.

"सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्येच, ट्रेस पॉइंट घालते," ती सरांना म्हणाली. "फाइल पुसली जाते त्या प्रत्येक जागी एक पहारेकरी. नाव कुणाचंही असो, हुकूम कुठल्या टर्मिनलवरून, कुठल्या खोलीतून आला ते तो टिपून ठेवील. आणि फाइल आपोआप गेली, तर तेही कळेल."

"घाल की. पण वर्गात सांगितलेलं आठवतं ना? ट्रेसमुळे काम संथ होतं, आणि कधीकधी चूकच दडून बसते."

"आठवतं, सर."

ट्रेस बसले, आणि फायली जायच्या थांबल्या. एकही गेली नाही. शनिवारी गार्गीनं घरून सरांना फोन केला.

"सर, ट्रेस काढून टाकले. सर्व्हर फारच रखडत होता."

रविवारी उरलीसुरली सगळी चित्रीकरणं नाहीशी झाली.

सोमवारी सकाळच्या एसटीनं गार्गी बुलढाण्याला आली. सर प्राचार्यांना भेटूनच बसले होते. टेबलावर तिच्यासाठी चहा तयार होता.

"म्हणालो नव्हतो मी? ट्रेस होते तोवर दोष दडला, ट्रेस काढले आणि त्यानं पुन्हा फायली गिळल्या. साहेबांना पटलं. आता तू तेवढं कंपनीला कळव, तुझ्या कोडची चूक होती म्हणून. पूनमची नोकरी वाचली समज."

दारात उभ्या पूनमनं हात जोडले. "सर देवमाणूस हायेत, ताई. लय उपकार झाले."

गार्गी पाया पडली नाही, खुर्चीवरही बसली नाही. चहावर साय धरली होती. तिनं कप बोटानं दूर सारला.

"चूक मान्य करणं एवढं जड जातंय होय?" सर हसून म्हणाले. "अगं, चुका होतातच माणसाच्या हातून."

"सर," गार्गी म्हणाली, "ट्रेस मी काढलेच नव्हते."