मुहूर्ताचं घड्याळ

तेव्हा आम्ही चिपशी थेट आकड्यांत बोलायचो. इस्पितळाच्या रक्तपेढीतल्या नव्या कपाटाच्या घड्याळाचा प्रोग्राम मीच लिहिला: पोटात इसवी सन, पडद्यावर आमचं बुद्धवर्ष. उद्घाटनाला संचालक थावीसाक गुरगुरले, "थायलंडच्या यंत्राच्या पोटात फिरंग्यांचं साल?" "साहेब, पिशव्यांवरच्या तारखाही त्याच सालातल्या आहेत." "बाई, तुम्ही फक्त माळ धरा." ज्योतिष्यानं दिलेल्या मुहूर्तावर त्यांनी स्वहस्ते चिपमध्ये बुद्धवर्ष भरलं आणि कपाटाला मोगऱ्याची माळ घातली. दुपारी नर्स धावत आली. "ताई, बाळंतिणीला रक्त हवंय आणि दार उघडत नाही." उघडणार कसं? घड्याळ पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढे गेल्यामुळे यंत्रानं प्रत्येक पिशवी शिळी ठरवून कुलूप लावलं होतं. माळ बाजूला सारून मी इसवी सन परत भरला, बाळंतीण वाचली. साहेबांनी मग रीतसर चौकशी केली आणि ज्योतिषी बदलला.