पाच टक्क्यांचं नाव

"हो करू की नाही, काका?" शेफालीने तिसऱ्यांदा विचारलं.

संगणकावर ज्वारीच्या पिठाचं पान उघडं होतं. नाव, वजन, दर, सगळं भरून झालं होतं. ‘ब्रँडेड’ या शब्दापुढची रेघ तेवढी लुकलुकत होती. हो म्हटलं तर कर पाच टक्के, नाही म्हटलं तर शून्य.

रावसाहेबांनी घड्याळ पाहिलं. बारा चाळीस. आयटी पार्कच्या कँटीनला बिलाचा नमुना एक वाजेपर्यंत हवा होता. कर शून्य असेल तर वर्षभर महिन्याला तीन लाखांचा माल. नाहीतर मांजरी गावचा एक शून्य टक्केवाला पीठवाला टपलेलाच होता.

"जीएसटी आला म्हणून ज्वारी बदलली का?" ते म्हणाले. "गिरणी तीच, पीठ तेच. पिशवीवर आईचं नाव लिहिलं तर पाच टक्के?"

"नाव लिहिलं म्हणून नाही. नावावर हक्क सांगितला म्हणून." शेफाली वर्ध्याची. चार दुकानांचे हिशेब बघायची आणि कुणाचंच मन बघायची नाही. "तुम्ही कोर्टात दावा लावलाय, तोच तो हक्क. तो सोडला, दावा मागे घेतला असं प्रतिज्ञापत्र द्यायचं, पिशवीवर तसं छापायचं, की शून्य. नाव राहतंच. फक्त दुसऱ्या कुणी लावलं तर अडवता येणार नाही."

दुसरा कुणी म्हणजे कोण, हे हडपसरच्या रिक्षावाल्यांनाही ठाऊक होतं. तो फुरसुंगीत गिरणी घालून बसला होता, तोही ‘कौशल्या पीठ’च विकत होता, आणि त्याची आईही रावसाहेबांचीच होती.

प्रतिज्ञापत्र टेबलावर होतं. कोपऱ्यावरचा नोटरी जेवायला उठायच्या बेतात होता. रावसाहेबांनी कागद हातभर लांब धरून वाचला.

"स्वेच्छेने सोडत आहे, म्हणे. गळ्याला सुरी लावायची आणि वर विचारायचं, स्वतःहून आलात ना?"

"सही करताय?"

"वाचतोय."

"तोवर एक विचारते. ‘मच्छिंद्र’ या खात्यावर एक लाख ऐंशी हजार खर्च पडलाय. बिल एकही नाही. हा सप्लायर कोण?"

"सप्लायर नाही, भाऊ आहे. वकिलाची फी आहे ती."

"मग वकिलाच्या नावाने टाकायची."

"वकिलाशी माझं कुठं भांडण आहे?"

मागे, पोत्यांना टेकून कौशल्याबाई रिकाम्या पिशव्यांचे गठ्ठे बांधत होत्या. प्रत्येक पिशवीवर त्या स्वतःच होत्या. डोक्यावर पदर, तोंड मिटलेलं. पन्नास कौशल्या झाल्या की सुतळीची एक गाठ.

रावसाहेबांनी कागद खाली ठेवला. "हो कर. कँटीनला दर तोच लाव. पाच टक्के मी पदरचे भरीन."

"काका, आपल्याला सुटतातच सहा."

"मग एक उरतो ना."

शेफालीने त्यांच्याकडे पाहिलं, मग ‘हो’ केलं. पडद्यावर पाचाचा आकडा उमटला. बारा अठ्ठेचाळीस.

"मंगळवारी कोर्टात किती वाजता जायचं रं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"अकराला. तुला काही करायचं नाही, आई. आपले वकील विचारतील. नाव मी थोरल्याला दिलं, म्हणायचं. संपलं."

"आन् मच्छिंद्राचा वकील इचारंल तवा?"

"तो काय विचारणार? त्याच्या पिशवीवरचा फोटो घरातून चोरला का, एवढंच. आपण दाव्यात लिहिलंच आहे तसं. चोरला, म्हणायचं."

"शपथ घ्याय लागती म्हनं आधी."

"लागते."

कौशल्याबाईंनी सुतळी दाताने तोडली.

"मग कसं म्हनू? फोटो मी दिला हाय."

शेफाली कीबोर्डकडे असं बघत होती, जणू तिथली अक्षरं आजच छापून आली होती. टेबलावरचा फोन थरथरला. कँटीनवाला. रावसाहेबांनी तो उचलला नाही, बंदही केला नाही. थरथरत थरथरत तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला.

जमाखर्चाला बसले की रावसाहेबांची बोटं आपोआप अंगठ्यावर चालायची. आत्ता हात मांडीवर पडले होते. मंगळवारी अकरा वाजता, भरल्या कोर्टात, समोरच्या बाकावर मच्छिंद्र, आणि पिंजऱ्यात आई. याचा टक्का कुठल्या रकान्यात भरायचा, ते त्यांना सापडत नव्हतं.

"पेन दे," ते म्हणाले.

शेफालीने दिलं. ‘स्वेच्छेने’पाशी पेन जरा अडलं. मग सही झाली, नेहमीपेक्षा लहान. शेफाली धावत कोपऱ्यावर जाऊन नोटरीचा शिक्का घेऊन आली. ‘हो’ पुसून तिने ‘नाही’ केलं. पाचाचं शून्य झालं. बारा छप्पन्नला नमुना गेला.

"पोचला," ती म्हणाली. तिने पर्स उचलली. तिला पुढच्या दुकानात जायचं होतं.

ती गेल्यावर रावसाहेब पडद्याकडे तोंड करून बसले.

"मला आधी सांगितलं असतंस तर?" वळून न बघता ते म्हणाले.

कौशल्याबाईंनी पुढचा गठ्ठा मांडीवर ओढला.

"तू मला साक्षीला बोलावलंस," त्या म्हणाल्या. "घरात इचारलंस कवा?"